सुधारून दिलेले निरोप

“आईला सांग, पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी पाच मिलिमीटर वाकलीय. आणखी एक पुस्तक ठेवलं तर मी जबाबदार नाही,” वडील म्हणाले.

लेक उठली. बाहेरच्या खोलीचे दार उघडून तिने अकरा फुटांचा बोळ ओलांडला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितले, “बाबा म्हणतात, तुझा संग्रह आता चांगलाच भरलाय.” आई जराशी खूश झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सांग त्यांना, तुम्ही घरात आणून ठेवलेल्या त्या लोखंडापेक्षा बरा.” लेक परत अकरा फूट चालून आली आणि म्हणाली, “आई म्हणते, बघते.”

वडिलांनी मान हलवली, नोंदवहीत वेळ लिहिली आणि त्यापुढे ‘बघते’ असा शेरा मारला. सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि लेकीची ही सहावी फेरी होती.

ही व्यवस्था गेले चौदा महिने अखंड सुरू होती. वडील पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. तयार पंपाला तेथे हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी लावली जाई. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे पुन्हा पाहा, लाल म्हणजे नापास. निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेल्या पट्ट्या घरी आणल्या, सोबत पंपांच्या सुट्या भागांचे काही नमुनेही आणले, आणि दुसऱ्याच आठवड्यात आईच्या पुस्तकांच्या कपाटाला लाल पट्टी लावली. आई अजून नोकरीत, महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिने ती पट्टी काढली, घडी घालून वडिलांच्या पुढ्यात ठेवली आणि शांतपणे सांगितले, “यापुढे मला काही सांगायचं असेल तर लेकीकरवी सांगा.” वडिलांनी क्षणभर विचार केला आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले, “आईला सांग, समजलं.”

तेव्हापासून दोघांत थेट बोलणे झाले नव्हते. घरात आदळआपट नव्हती, रुसवेफुगवे नव्हते. काम सुरळीत चालले होते. कारखान्यात बत्तीस वर्षे काढल्यामुळे वडिलांना स्वयंपाकघरातले ऐकू येत नसे, आणि बत्तीस वर्षे ग्रंथालयात काढल्यामुळे आईचा आवाज कधी चढत नसे. वडील निरोप देताना दार लावून घेत, कारण अंतर्गत पत्रव्यवहार उघड्यावर करू नये अशी त्यांची शिस्त होती. त्यामुळे मूळ निरोप काय होता, हे बोलणाऱ्याखेरीज फक्त लेकीला ठाऊक असे. सुरुवातीला तिने एखादा टोचणारा शब्द गाळला. मग वाक्ये गाळली. चौदाव्या महिन्यापर्यंत ती दोन्ही बाजूंची भाषणे जवळजवळ स्वतःच लिहू लागली होती.

हे असेच वर्षानुवर्षे चालले असते. पण आदल्या शुक्रवारी लेकीला पत्र आले. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. पाच तासांच्या अंतरावरच्या गावी संस्था नवी प्रयोगशाळा उघडणार होती आणि तिची प्रमुख म्हणून हिची निवड झाली होती. होकार पुढच्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवायचा होता. अशा जागेसाठी तिने सहा वर्षे वाट पाहिली होती. तरीही ते पत्र तिने पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवले आणि घरी कोणालाच सांगितले नाही. आपण गेल्यावर या दोघांचे बोलणे कोण करणार? पाच तासांच्या अंतरावरून दिवसाला बावीस फेऱ्या मारता येत नाहीत.

सोमवारी पाण्याचे नमुने, जंतू वाढतात का ते पाहायला, उबवणीपेटीत ठेवल्यानंतर हाताशी थोडा वेळ होता. तेवढ्यात तिने संगणकावर शोधाशोध केली आणि तिला संरचनात्मक कुटुंबोपचार नावाची पद्धत सापडली. घरातला अमुक एक माणूस बिघडला आहे, असे ही पद्धत धरून चालत नाही. ती घराची मांडणी पाहते: कोण कोणाच्या बाजूला बसतो, कोण कोणाच्या वतीने बोलतो, नवरा-बायकोच्या मामल्यात मूल किती आत येते आणि मुलाच्या आयुष्यात आईबाप किती आत जातात. अनेक घरांत जिथे भिंत हवी तिथे दार असते आणि जिथे दार हवे तिथे भिंत असते. मांडणी बदलली की माणसे आपोआप वेगळी वागू लागतात, असे त्या लेखाचे म्हणणे होते. लेखात घराचा नकाशा काढून पाहायला सांगितले होते. लेकीने नमुन्यांच्या अर्जाच्या मागे तीन वर्तुळे काढली, कोण कोणाशी बोलतो त्या रेषा ओढल्या आणि पाहिले. सगळ्या रेषा मधल्या वर्तुळातून जात होत्या. मधले वर्तुळ तिचे होते.

मग तिने जवळपासच्या थेरपिस्टांना फोन केले. पाण्याचा नमुना घेताना जशी प्रश्नावली असते तशी तिने तयार केली होती: पूर्ण कुटुंब एकत्र पाहता का, या पद्धतीचे शिक्षण घेतले आहे का, पहिल्या भेटीत काय होते. पहिले गृहस्थ एकेकट्यालाच पाहत. तुम्ही या, घरच्यांना मग सांगा, असे ते म्हणाले. म्हणजे आणखी एका माणसाचे निरोप वाहायचे, हे लक्षात येऊन लेकीने आभार मानले. दुसऱ्या बाई तिघांनाही पाहायला तयार होत्या, पण संगणकाच्या पडद्यावरून. तीन माणसे तीन खोल्यांत तीन पडद्यांसमोर बसणार, पडदे सोडले तर हे सध्याही होतच होते. तिसऱ्या बाई घरापासून चालत अर्ध्या तासावर होत्या. त्यांनी या पद्धतीचे शिक्षण घेऊन दोन वर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केले होते आणि अकरा वर्षे त्या कुटुंबेच पाहत होत्या. पहिल्या भेटीत मी फारसे काही करत नाही, तुम्ही घरी जसे बसता तसे बसा, मी बघते, असे त्या म्हणाल्या. लेकीने गुरुवारची संध्याकाळी साडेपाचची वेळ घेतली. पत्ता होता वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या माडीवरचा.

घरी सांगणे तिला अवघड गेले नाही. तो तिचा व्यवसायच झाला होता. वडिलांना तिने सांगितले की आईची फार इच्छा आहे. आईला सांगितले की बाबांची फार इच्छा आहे. दोघेही चकित झाले आणि दोघांनीही, समोरच्याचे मन कशाला मोडा, म्हणून होकार दिला. वडिलांनी फक्त एक अट घातली: पुरवठादार तपासल्याशिवाय माल घ्यायचा नाही. त्यांनी थेरपिस्ट बाईंना स्वतः फोन करून शिक्षण, अनुभव आणि अपयशाचे शेकडा प्रमाण विचारले. बाईंनी पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या. तिसरीबद्दल त्या म्हणाल्या, “अपयश कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागेल. काही घरांत लोक भांडायला लागतात, तेव्हा मी त्याला यश म्हणते.” वडिलांना हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक वाटले नाही, पण बाई आकडा फुगवून सांगत नाहीत, याबद्दल त्यांनी नोंदवहीत अनुकूल शेरा लिहिला.

संध्याकाळी लेकीने बाईंना फोन करून दोघेही तयार असल्याचे कळवले. बाईंनी विचारले, “दोघांना सांगितलं कुणी?”

“मीच.”

“म्हणजे हाही निरोप तुम्हीच पोचवलात. आता एक करा. गुरुवारपर्यंत एकही निरोप न्यायचा नाही. काही बदल झालाच तर मी तुमच्या बाबांना कळवीन आणि आईला ते सांगतील.”

“ते नाही सांगणार.”

“बघू या,” बाई म्हणाल्या.

बदल बुधवारी दुपारीच झाला. माडीवरची पाण्याची नळी फुटली आणि बाईंच्या खोलीत घोटाभर पाणी साठले. त्यांनी वडिलांना फोन करून सांगितले की वेळ तीच, जागा मात्र बसस्थानकासमोरच्या इमारतीचा दुसरा मजला. वडिलांनी पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला आणि लेक घरी येताच दार लावून तिला म्हणाले, “आईला सांग, जागा बदललीय.”

“बाबा, तुम्हीच सांगा. मला आता निरोप द्यायचा नाही असं ठरलंय.”

वडिलांनी तिच्याकडे असे पाहिले जसे त्यांनी एकदा चालता चालता बंद पडलेल्या नव्या कोऱ्या पंपाकडे पाहिले होते. मग ते शांतपणे उठले, एक मोठा कागद घेतला, त्याला लाल चौकट आखली आणि दोन इंच उंचीच्या अक्षरांत नवा पत्ता लिहिला. आईच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून किती, हे त्यांना पाठ होते. तेवढे मोजून त्यांनी तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला. “झालं,” ते म्हणाले, “आता न दिसायचा प्रश्नच नाही.”

वडील एरवीही घरात सूचनांच्या चिठ्ठ्या लावत. आई त्या वाचत नाही, हे लेकीला पक्के ठाऊक होते. वडिलांना का ठाऊक नव्हते, हेही तिला ठाऊक होते. जूनमध्ये आईने या चिठ्ठ्यांबद्दल जे काही म्हटले होते ते वडिलांपर्यंत नेण्याची लेकीची छाती झाली नव्हती. “आई म्हणते, अक्षर जरा लहान आहे,” एवढेच तिने सांगितले होते. तेव्हापासून वडिलांची चिठ्ठी महिन्याला एका मापाने वाढत गेली होती. बसच्या तिकिटाएवढी असलेली ती आता जाहिरातीच्या फलकाच्या वाटेवर होती, आणि आई प्रत्येक नव्या मापाकडे अधिकच ठामपणे पाठ फिरवत होती.

खरे सांगायचे तर एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य उच्चारले असते तर चौदा महिन्यांचे सगळे कामकाज उघडे पडले असते. शिवाय बाईंची सूचना होती, आणि नियम पाळणे पहिल्यांदाच इतके सोयीचे झाले होते. गुरुवारी सकाळी आईने तो कागद लावलेले दार उघडले, साखरेचा डबा काढला आणि दार बंद केले. तिची नजर कागदाच्या कडेवरसुद्धा ठरली नाही. लेक कामावर गेली. दुपारी साडेचारला तिचा धीर सुटला आणि तिने नियम मोडून आईला फोन लावला, पण ग्रंथालयात आई फोन बंद ठेवत असे. पाचला लावला, सव्वापाचला लावला. फोन बंदच होता.

साडेपाचला तीन मिनिटे कमी असताना लेक बसस्थानकासमोरच्या इमारतीचे दोन मजले धावत चढली. आत वडील आधीच बसले होते. खोलीत बाईंच्या खुर्चीखेरीज चार खुर्च्या होत्या. वडिलांनी आपल्या आणि आईसाठी धरलेल्या खुर्चीमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली होती. ती अर्थातच लेकीची होती. थेरपिस्ट बाई साठीच्या आसपासच्या, आखूड केसांच्या आणि कसलीही घाई नसलेल्या होत्या. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, कागदावर काहीतरी छोटेसे टिपले आणि लेकीला समोरच्या खुर्चीत बसवले.

पाच चाळीस झाले तरी आई आली नाही. वडिलांनी घड्याळ पाहिले आणि लेकीला विचारले, आईला उशीर का होतोय. लेक म्हणाली, मला माहीत नाही, तुम्हीच फोन करा. तेव्हा असे उघडकीस आले की वडिलांच्या नव्या फोनमध्ये आईचा नंबरच नव्हता. फोन आठ महिन्यांपूर्वी घेतला होता आणि तशी गरज पडली नव्हती.

एवढ्यात लेकीचा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’ असे आले. तिने हात पुढे केला, तोच बाई म्हणाल्या, “हा फोन बाबांना द्या.”

वडिलांनी फोन दोन्ही हातांत धरला. कानाच्या तक्रारीमुळे ते नेहमी मोठ्या आवाजावरच बोलत, तसे बटण दाबून ते म्हणाले, “हॅलो. कोण बोलतंय?”

“कोण म्हणजे? आणि तिचा फोन तुमच्याकडे कसा? ती बरी आहे ना?”

“बरी आहे. समोर बसलीय.”

“मग तिला द्या.”

वडिलांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. “देता येत नाही,” वडील म्हणाले, “परवानगी नाही.”

मग आईने चौदा महिन्यांत प्रथमच हाक मारली, “अहो.” वडील खुर्चीत सरळ झाले. “अहो, मी इथे कुलपासमोर उभी आहे. जिन्यात पाणी आहे. चपला हातात घेतल्यात. तुम्ही सगळे आहात कुठे?”

“जागा बदललीय. मी चिठ्ठी लावली होती. तुझ्या डोळ्यांच्या उंचीला.”

“तुमच्या चिठ्ठ्या मी वाचत नाही.”

“का? अक्षर अजूनही लहान पडतंय?”

“अक्षराचा काय संबंध?”

“तूच म्हणाली होतीस, अक्षर लहान आहे.” वडिलांनी बगलेतली नोंदवही काढली आणि पाने उलटली. “चार जून. सकाळी आठ वीस.”

“मी असलं काही म्हटलेलं नाही. मी म्हटलं होतं, भिंतींवर सूचना लावून बोलतात त्याला घर नाही, गोदाम म्हणतात, आणि गोदामातलं मी काही वाचत नाही.”

वडिलांनी चष्मा काढला आणि लेकीकडे पाहिले. लेक खिडकीचा पडदा कोणत्या कापडाचा आहे, ते बारकाईने पाहत होती. बाईंनी पत्ता सांगण्याची खूण केली. वडिलांनी तो नीट सांगितला, वळणे सांगितली आणि मग सवयीने फोन ठेवायच्या बेतात असतानाच थांबून म्हणाले, “ठेवू नकोस. आणखी काही नोंदी तपासायच्या आहेत.”

पुढची वीस मिनिटे आई रस्त्याने चालत होती आणि वडील खुर्चीत बसून नोंदवही वाचत होते. ते तारीख, वेळ आणि मजकूर सांगत; आई मूळ मजकूर सांगे. तिची स्मरणशक्ती दांडगी होती. हजारो पुस्तकांचे जागाक्रमांक तिच्या डोक्यात असत, तिथे स्वतःची वाक्ये विसरण्याचा प्रश्न नव्हता. ‘आई म्हणते, झोपायची वेळ झाली’ या नोंदीमागे मूळ वाक्य होते, ‘रेडिओ बंद करा, नाहीतर मी तो पाण्यात टाकते’. उलट दिशेनेही तेच निघाले. एवढी पुस्तके तू लक्षात कशी ठेवतेस, असे वडिलांनी कौतुकाने विचारल्याचे आईला सांगितले गेले होते. वडिलांनी प्रत्यक्षात मांडणी नापास केली होती.

“आणि मी खुशीत आणखी चाळीस पुस्तकं घरी आणली,” आई म्हणाली.

“तरीच फळी वाकली,” वडील म्हणाले. एका जुन्या बिघाडाचे कारण सापडल्याचे समाधान त्यांच्या आवाजात होते.

मग ते एका नोंदीपाशी अडले. “एकवीस ऑगस्ट. ‘लोखंडाचे नमुने गच्चीत ठेवले तर त्यांना हवा लागेल.’ मी ठेवले सगळे गच्चीत. दोन दिवस पाठ धरली होती.”

“मी म्हटलं होतं, हे लोखंड जिथून आणलंत तिथे परत नेऊन द्या, आणि तुम्हीही त्याच्याबरोबर जाऊन या.”

लेकीने डोळे मिटले. वडिलांनी ती नोंद पुन्हा एकदा वाचली. मग त्यांच्या पोटातून कसलातरी आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे लेकीला जरा उशिरा समजले. “जाऊन या म्हणालीस,” वडील म्हणाले. “म्हणजे परत यायची सोय ठेवली होतीस.”

“ठेवली होती की,” आई म्हणाली. ती धापा टाकत होती, कारण आता जिना चढत होती.

ती दारात आली तेव्हा फोन कानाला होता आणि चपला अजून हातातच होत्या. वडील समोर सहा फुटांवर बसले होते, तरी दोघेही फोनवरच बोलत राहिले. नोव्हेंबरच्या एका निरोपाचा निकाल लागायचा होता. तो लागल्यावर बाईंनी अगदी मृदू आवाजात, आता फोन ठेवला तरी चालेल, असे सुचवले. आईने चपला खाली ठेवल्या, मधे राखलेल्या त्या रिकाम्या खुर्चीतच ती सरळ वडिलांच्या शेजारी जाऊन बसली, आणि मग दोघांनी एकाच वेळी माना वळवून लेकीकडे पाहिले.

लहानपणापासून लेकीने दोघांचा राग वेगवेगळा पाहिला होता. एकत्र कधी पाहिला नव्हता. चौदा महिने हे काय चालवले होतेस, असे आईने विचारले. वडिलांनी प्रश्न अधिक नेमका केला: किती टक्के मजकूर बदलला? लेक पुटपुटली की सुरुवातीला दहा, नंतर जरा जास्त. का, असे बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, “भांडण होऊ नये म्हणून.”

“आमचं भांडण आहे ते,” आई म्हणाली. “त्याला कात्री लावणारी तू कोण?”

“बरोबर,” वडील म्हणाले.

आईने चमकून त्यांच्याकडे पाहिले. हा शेरा तिला चौदा महिन्यांत मिळाला नव्हता, त्याआधीही विरळाच.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ज्या गोष्टीसाठी तिने आठवडाभर योग्य शब्द शोधले होते ती कोणतेच शब्द न निवडता बाहेर पडली. “मला नव्या प्रयोगशाळेचं प्रमुख केलंय. पाच तास लांब. उद्या चारपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार होते. मी गेले तर तुमचं बोलणं कोण करणार?”

बाईंनी आईवडिलांकडे पाहिले.

“कोण म्हणजे?” आई म्हणाली. “आम्ही.” मग तिने वडिलांकडे वळून खात्री करून घेतली. “करू ना?”

“सध्या तर करतोय,” वडील म्हणाले. “पत्र कधी आलं?”

“मागच्या शुक्रवारी.”

“सात दिवस झाले आणि आज सांगतेस?”

“सहा,” आई म्हणाली.

“शुक्रवार धरून सात.”

“आलेला दिवस कसा धरता? पुस्तक दिलं तो दिवस मी कधी धरत नाही.”

“कारखान्यात धरतात.”

लेकीने डोळे पुसले आणि पुढे सरकून म्हणाली, “बाबांना म्हणायचंय की—”

“तू थांब,” दोघे म्हणाले.

बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडले. “आता तुम्ही बाहेर बसा,” त्या लेकीला म्हणाल्या. “यापुढचं काम नवरा-बायकोचं आहे.” लेक उठली. ती उंबऱ्यापाशी पोचली तेवढ्यात वडिलांनी चौदा महिन्यांच्या सवयीने मागून हाक मारली, “आईला सांग—” आणि तिथेच थांबले. लेकीने मागे वळून पाहिले नाही, तरी खुर्ची सरकल्याचा आवाज तिला ऐकू आला. वडील शेजारी वळून म्हणत होते, “तुला सांगायचं होतं.” मग दार बंद झाले.

बाहेरच्या बाकावर बसून लेकीने कान देऊन पाहिले. दोन आवाज येत होते; एक वाढत होता, दुसरा हलकाच होता, पण थांबत नव्हता. शब्द कळत नव्हते. आपले आईवडील काय बोलत आहेत हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट तिला आधी घाबरवणारी वाटली आणि थोड्या वेळाने भलतीच हलकी. तिने फोन काढला आणि संस्थेला दोन ओळींत होकार लिहिला. उद्या चारची वाट न पाहता पाठवूनही टाकला.

समोरच्या बाकावर पुढच्या वेळेच्या दोन वयस्क बहिणी येऊन बसल्या. धाकटीने उठून खिडकी उघडली. थोरली भिंतीकडे पाहत म्हणाली, “हिला वाऱ्याची हौस. आजारी पडली की माझ्या उरावर.”

धाकटीने ऐकले नव्हते. लेक पुढे झुकून तिला म्हणाली, “त्यांना तुमच्या तब्येतीची काळजी वाटतेय.”

“काळजी?” थोरली म्हणाली. “मी कुठे काळजी म्हटलं?”

“तुम्हाला म्हणायचं होतं तसं,” लेक म्हणाली, आणि तिने वर पाहिले. थेरपिस्ट बाई दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आईवडील त्यांच्या मागून बाहेर पडून बोलत बोलत जिन्याकडे गेले होते; फळी बदलायची की पुस्तके कमी करायची, असा काहीतरी वाद होता. दोघांनीही बाकाकडे पाहिले नाही.

“पुढची भेट त्या दोघांची,” बाई म्हणाल्या. “त्यांनीच तारीख ठरवली. एकमत व्हायला नऊ मिनिटं लागली, पण ठरवली.” मग त्या बाकावर लेकीच्या शेजारी बसल्या. “तुम्ही जाणार आहात त्या गावात माझ्या ओळखीच्या दोघी आहेत. नावं लिहून घ्या. चांगल्या आहेत, तुमच्या घरापासून कोण जवळ पडतं ते बघा.”

“त्या पूर्ण कुटुंब बघतात?”

“बघतात. तुम्ही मात्र एकट्याच जा. आणि प्रयोगशाळेत भांडणं सुरू झाली तर पहिला महिना कुणाच्याही मधे पडू नका.”

लेकीने नावे लिहून घेतली. थोरल्या बहिणीने उठून खिडकी लावली, धाकटीने ती पुन्हा उघडली, आणि लेकीने मोठ्या कष्टाने तोंड मिटून ठेवले. मग पिशवी उचलताना तिने विचारले, “आईबाबांना काय सांगू?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

ती खिडकीपाशी गेली. खाली बसस्थानकातून घराकडे जाणारी बस वळण घेत होती. पुढच्या बाकावर आई आणि वडील शेजारी शेजारी बसले होते. आईचा हात हवेत काहीतरी मोजून दाखवत होता आणि वडील मान हलवून ते माप नाकारत होते. बस नजरेआड झाली. लेकीला बरोबर न्यायचे दोघांच्याही लक्षात राहिले नव्हते.